ठोंबऱ्यांच्या बेगमसाहेबा

शांताराम ठोंबरे आमच्या कर्जतच्या शाळेत लिपिक होते आणि मी मुख्याध्यापिका. त्यांच्या रजेच्या अर्जावर माझी सही लागायची, माझ्या अर्जावर त्यांची कधीच नाही. तरीही कित्येक वर्षं मी या माणसाचा हेवा केला. त्या हेव्याने माझ्या हातून काय करून घेतलं ते न सांगता त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले, तर ते खोटं होईल.

ठोंबरे कडावचे. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि मॅट्रिकनंतर लागलेली ही नोकरी. चष्म्याला काळी दोरी, खिशाला दोन पेनं. त्यातलं एक कोणी मागितलं तर द्यायचं आणि दुसरं कोणालाही द्यायचं नाही. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं; पावसाळ्यात सुकट, जिच्या वासाने चित्रकलेचे सर खिडकी उघडत. बोलणं ठार गावाकडचं. शिक्षणाधिकारी समोर बसलेले असले तरी ‘हाय’चं ‘आहे’ होत नसे. अक्षर मात्र असं, की शाळेचा दाखला हातात घेतला की पालक आधी तो नुसता बघत राहत.

त्यांची एक सवय सगळ्या शाळेला ठाऊक होती. कुठलाही कागद आला की ते तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत, मग उलटा करून पाठ वाचत, आणि मगच बोलत. समोरचा माणूस घाईत असला तर त्याला बाकावर बसायला सांगत. मी एकदा वैतागून विचारलं, कोऱ्या पाठीत काय वाचता? ते म्हणाले, “कागदाला पाठ असते मॅडम. पुढून तो साहेबासाठी लिहिलेला असतो. खरं काय झालं ते मागं कोणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवतो.”

मी भिसेगावची. आजोबा वकील, वडील डॉक्टर, घरात पुस्तकांची तीन कपाटं. इतिहासात एम. ए. झाले तेव्हा पीएच. डी.साठी नावही नोंदवलं होतं. दोन वर्षं सुट्टी मिळेल तशी मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यात जाऊन बसत होते. पुढे लग्न झालं, मुलं झाली, मार्गदर्शक निवृत्त झाले आणि टिपणं कपाटात गेली. पण कर्जतमध्ये इतिहासाचं काही निघालं की लोक माझ्याकडेच येत. ती जागा माझी आहे, असं मी धरून चालले होते.

ठोंबरे त्या जागेत आले ते चुकून. त्यांच्या घरच्या जमिनीचा एक जुना मोडी कागद होता. तो कोणाला वाचता येईना, म्हणून ते पनवेलला रविवारच्या वर्गाला जाऊन मोडीच शिकले. मग त्या जमिनीचा आणखी काही मागमूस लागतो का ते पाहायला मुंबईच्या दप्तरखान्यात गेले. तिथे जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. ठोंबऱ्यांनी मागणीच्या चिठ्ठीवर रुमालाचा आकडा चुकीचा लिहिला आणि भलताच रुमाल त्यांच्यापुढे आला. दुसऱ्या कोणी तो परत केला असता. यांनी तो दिवसभर वाचला.

सोमवारी ते माझ्या खोलीत आले आणि दाराशीच उभे राहिले.

“मॅडम, एक विचारू का? त्या रुमालाबरोबर जुन्या वाचकांच्या चिठ्ठ्या हायत. त्यात एक तुमची हाय. माहेरच्या नावाची.”

माझं माहेरचं नाव त्यांना सेवापुस्तकामुळे ठाऊक होतं. मी म्हटलं, असेल, तेव्हा खूप रुमाल पाहिले होते, आता काही आठवत नाही.

मला सगळं आठवत होतं. वर एक उर्दू अर्ज होता, खाली त्याचं इंग्रजी भाषांतर. कोण्या बेगमेने मक्केच्या यात्रेला जाण्यासाठी सरकारची परवानगी मागितली होती. माझा विषय बोरघाटातला व्यापार. उर्दू मला येत नव्हतं, आणि एका बाईच्या यात्रेत इतिहास काय असणार, असं वाटून मी दहा मिनिटांत गाठ मारली होती. गाठ मारताना बोटांना लागलेली धूळसुद्धा मला आठवत होती.

ठोंबऱ्यांनी ती गाठ पुन्हा सोडली. त्यानंतर महिन्यातून दोन शनिवार ते मुंबईला जात आणि सोमवारी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, कार्यालयात सांगत. गुजरातेकडच्या एका छोट्या संस्थानातल्या या बेगमसाहेबा. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, चार गावांची जहागीर एकटी सांभाळणारी बाई. इंग्रजांच्या राज्यात नवाबाला काय किंवा जहागीरदाराला काय, मुलूख सोडून समुद्रापलीकडे जायचं तर सरकारची परवानगी लागे. हजला जायचं असलं तरी. असे मोठे लोक अरबस्तानात कोणाला भेटतील, तिथे राज्य करणाऱ्या तुर्कांशी काय बोलतील, याची सरकारला धास्ती.

बेगमेने पहिला अर्ज केला तेव्हा संस्थानावर नेमलेल्या इंग्रज एजंटसाहेबाने विचारलं, बरोबर कोण कोण येणार? तिने आचाऱ्यापासून पाणक्यापर्यंत यादी दिली. तोवर जहाजांचा मोसम संपला. पुढच्या वर्षी विचारलं, माघारी जहागीर कोण पाहणार? तिने कारभाऱ्याचं नाव दिलं. मग कारभाऱ्याची चौकशी. त्याच्या पुढच्या वर्षी बंदरावर साथ होती. त्याच्या पुढे दिराची संमती आणा. दिराने संमतीसाठी दोन गावं मागितली. ठोंबरे हे सगळं असं सांगत, की जणू बेगम भिंतीपलीकडच्या वर्गात बसली आहे.

“नाय कोणी म्हनत नव्हता बरं का,” ते म्हणत. “नाय म्हटलं असतं तर बाई भांडली असती. फक्त विचारत होते.”

मराठीच्या बाई, किसन शिपाई, पलीकडच्या दुकानातला झेरॉक्सवाला, सगळे ऐकायला जमत. सोमवार उजाडला की किसन फाटकातच विचारी, बेगमबाई गेल्या का हो? माझ्या दहावीच्या तासाला मुलं जांभया देत, आणि त्याच मुलांपैकी चार-पाच जण मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या खिडकीला लटकलेली मी पाहिली आहेत. मी माझ्या खोलीत बसून डबा खायची. दार उघडं ठेवायची, म्हणजे ऐकू यावं. आणि पाठ फिरवून बसायची, म्हणजे ऐकत नाही असं दिसावं.

एका स्नेहसंमेलनाला त्यांची बायको सुगंधा आली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घरीही बेगमच का? ती हसली. “मला बी राग येतो तिचा, मॅडम. गावात मानसं माझी खुशाली नाय विचारत, तिची विचारतात.” मला त्या बाईचा हात धरावासा वाटला. पण तिचा राग प्रेमातला होता. माझ्या रागाला तसं काही नाव नव्हतं.

मूळ अर्ज उर्दूत होते. सगळ्यांनी सांगितलं, इंग्रजी भाषांतर आहे की सोबत, तेवढं पुरे. ठोंबऱ्यांना ते पटेना. खालापूरला इब्राहिम मास्तर म्हणून उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक राहत. ठोंबरे त्यांच्याकडे स्कूटरवरून जाऊ लागले. वय पन्नाशीला आलेलं. मास्तर कडक; अक्षर चुकलं की पट्टीने टेबलावर मारीत, दुसऱ्यांदा चुकलं तर बोटांवर. ठोंबरे मधल्या सुट्टीत लाल झालेलं बोट कौतुकाने दाखवत. मोबदला म्हणून ते कडावचे वाल आणि तांदूळ नेत. मास्तरांच्या घरून परत येताना डब्यात शिरखुर्मा असे आणि तो आम्हा सगळ्यांना मिळे. मीही खाल्ला आहे. चांगला असायचा, याचाही मला त्रास व्हायचा.

दीड वर्षाने एका सोमवारी ठोंबरे मधल्या सुट्टीपर्यंत थांबले नाहीत. सकाळीच माझ्या टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर इंग्रजी भाषांतराची नक्कल, दुसऱ्यावर मूळ उर्दू अर्ज, त्यांनी स्वतः मराठीत उतरवलेला. इंग्रजीत बेगम सरकारपुढे पदर पसरत होती, अत्यंत नम्रपणे परवानगीची भीक मागत होती. मुळात तसं काहीच नव्हतं. तिथे ती म्हणत होती की माझा यात्रेचा इरादा पक्का झाला आहे, त्याची इत्तिला सरकारला देत आहे. इत्तिला म्हणजे खबर.

“मास्तरांनी तीनदा वाचलं,” ठोंबरे म्हणाले. “सगळ्या अर्जांत तेच हाय. बाईनं परवानगी मागितलीच नाय मॅडम. ती कळवत होती. मागायला लावलं ते भाषांतरवाल्यानं.”

मी कागद खाली ठेवले. इतिहास शिकलेल्या माणसाला असा एक शोध आयुष्यात पुरतो. त्याच्यावर प्रबंध उभा राहतो, नाव होतं. आणि तो शोध त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता, बोटावर पट्टीचे वळ घेऊन. मी म्हटलं, बरं आहे. पण शिष्यवृत्तीच्या याद्या आज जायला हव्यात. ते कागद गोळा करून गेले.

रुमालातला शेवटचा कागद परवानगीचा होता. सात-आठ वर्षांनी का होईना, सरकारने मंजुरी दिली होती. सवयीने ठोंबऱ्यांनी तो उलटा केला. पाठीवर कोणा देशी कारकुनाने मोडीत बारीक शेरा मारला होता: पत्र परत आले, बेगमसाहेबा पूर्वीच रवाना.

यावर कार्यालयात आठवडाभर वाद झाला. ठोंबऱ्यांचं म्हणणं, बाई परवानगीची वाट न पाहता निघून गेली. इब्राहिम मास्तरांचंही तेच. मी मुद्दाम कार्यालयात जाऊन सांगितलं की रवाना होणे हे मरणाबद्दलही लिहितात. एका शब्दावर इतिहास रचायचा नसतो. ठोंबरे विचारात पडले आणि म्हणाले, “बरोबर हाय मॅडमचं. घरच्यांना विचारायला पायजे.” मला वाद जिंकल्याचं सुख मिळालं. ते तेवढ्यापुरतंच होतं, कारण ठोंबरे खरंच विचारायला निघाले.

त्यांनी बेगमेच्या गावच्या मशिदीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. बेगमेच्या दिराच्या वंशातली एक म्हातारी अजून हयात होती. नव्वदीच्या पुढची, पण स्मरण पक्कं. तिच्याकडे बेगमेची एक पेटी होती आणि लहानपणी ऐकलेलं बरंच काही होतं. पत्र तिच्या सुनेने लिहिलं होतं. शेवटी म्हटलं होतं, अम्मींची तब्येत बरी नसते, यायचं असेल तर लवकर या. ठोंबऱ्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं. म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्यांनी दहा दिवसांची अर्जित रजा मागितली. श्रावण होता. मी शेरा मारला, शिष्यवृत्तीचं काम संपेपर्यंत थांबावे. ते काम रात्रंदिवस बसून त्यांनी संपवलं आणि दुसरा अर्ज दिला. मी लिहिलं, गैरहजेरीत कार्यालयीन काम कोण पाहणार ते स्पष्ट करावे. त्यांनी धाकट्या लिपिकाची लेखी संमती जोडली. तोवर दिवाळी आली. शिक्षकांना दिवाळीची सुट्टी असते, कार्यालयाला नसते. तिसऱ्या अर्जावर मी लिहिलं, प्रवासाचे प्रयोजन शालेय कामाशी संबंधित आहे काय? लाल शाईत. प्रत्येक शेरा नियमाला धरून होता. प्रत्येक वेळी सही करताना मी स्वतःला सांगत होते की मुख्याध्यापकाने हे विचारायलाच हवं.

मी काय करत होते ते मला कळत नव्हतं का? तिसऱ्या शेऱ्याच्या वेळी कळलं. तरी तो कागद मी ट्रेमध्ये टाकला.

पौषात चौथा अर्ज आला. सुरुवात नेहमीचीच होती. शेवटच्या ओळीत ‘रजा मंजूर व्हावी ही विनंती’ असं असतं, तिथे लिहिलं होतं, ‘सोमवारी निघत आहे. माहितीसाठी सादर.’

मी वर पाहिलं. ठोंबरे टेबलापुढे उभे होते. चेहऱ्यावर राग नव्हता.

“हे काय आहे, ठोंबरे?”

“तीनदा विनंती केली, मॅडम. आता कळवलंय.”

सोमवारी ते गेले. मंगळवारी मी अर्जावर ‘मंजूर’ लिहिलं आणि तारीख आदल्या शुक्रवारची टाकली. त्या बाबतीत मी त्या एजंटसाहेबाच्याही पुढे गेले.

नवव्या दिवशी ठोंबरे परत आले. मधल्या सुट्टीत सगळे जमले. किसनने चहा आणला. मीही या वेळी आत जाऊन खुर्चीवर बसले. त्यांनी सरळ सांगितलं. म्हातारी मार्गशीर्षात गेली होती. चाळिसाव्या दिवसाचा विधी होऊन थोडेच दिवस झाले होते. सुनेने जेवू घातलं, घर दाखवलं. खोली रंगवायची म्हणून पेटी रिकामी केली होती. कागद वाळवीने खाल्लेले होते, पवित्र अक्षरं जाळत नाहीत म्हणून ते विहिरीत सोडले. बेगम गेली होती का, हे सुनेला माहीत नव्हतं. अम्मी सांगायच्या काहीतरी, पण आम्ही नीट ऐकलं नाही, असं ती म्हणाली आणि रडली. दिवाळीत आला असतात तर अम्मी तुमच्याशी दोन दिवस बोलल्या असत्या, असंही म्हणाली.

हे शेवटचं वाक्य सांगताना ठोंबऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मराठीच्या बाईंनी पाहिलं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्यासमोर उभी होते आणि ते बसलेले होते. ते उठायला लागले, मी नको म्हटलं.

“तुमचे अर्ज मी अडवले, ठोंबरे. काम नव्हतं काही. मला बघवत नव्हतं.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “माहीत हाय, मॅडम. कारकून हाय मी. कागद कुठं कशासाठी पडून राहतो ते कळतं.” मग म्हणाले, “पन तुमी वाचत होता. दर वेळी नवीन प्रश्न होता. न वाचनारा एकच शेरा मारतो.”

हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं की टोचायला, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. ठोंबऱ्यांना टोचून बोलायची सवय नव्हती.

पुढे मुंबईतल्या अभ्यासकांच्या एका मेळाव्यात त्यांनी या अर्जांवर निबंध वाचला. तो एका मासिकात छापूनही आला. काही जण त्यांना म्हणाले, बेगम परवानगी झुगारून गेली असंच लिहा, वाचणाऱ्याला तेच हवं असतं. ठोंबऱ्यांनी लिहिलं, ती गेली की वारली हे मला माहीत नाही. सांगू शकणारं माणूस होतं, मला पोचायला उशीर झाला. उशीर का झाला ते लिहिलं नाही. आभारात इब्राहिम मास्तर होते, सुगंधा होती, आणि हा रुमाल आपल्या आधी उघडणाऱ्या मुख्याध्यापिका म्हणून मी होते. तो अंक मी घरी कोणाला दाखवला नाही. माझं नाव छापलेला तो एकमेव इतिहासविषयक मजकूर आहे.

मी निवृत्त झाले, दोन वर्षांनी ते झाले. नंतर भेटी कमी झाल्या. गेल्या भाद्रपदात किसनचा फोन आला, ठोंबरेसाहेब शेताच्या बांधावरच गेले, हृदयाने. मी कडावला गेले. सुगंधाजवळ बसले. ओटीवर खालापूरहून आलेली माणसं होती, शाळेतली जुनी मुलं होती, झेरॉक्सवाला होता. इतकी माणसं माझ्यासाठी येतील का, असं तिथेही माझ्या मनात आलं. हेवा असा निलाजरा असतो.

पण मला ते दिसतात ते त्याच्या आधीच्या मे महिन्यातले. मी खोपोलीला बहिणीकडे रिक्षाने चालले होते. खालापुरात रस्ता अडला होता. इब्राहिम मास्तर हजला निघाले होते. सरकारी सोडतीत नाव लागलेलं, दारात गाडी, गळ्यात हार, बायाबापड्यांची गर्दी. त्या गर्दीत ठोंबरे मास्तरांच्या बॅगेला दोरी बांधत होते. गुडघा बॅगेवर टेकून त्यांनी गाठ आवळली. मास्तरांनी त्यांना जवळ घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ठोंबरे नुसती मान हलवत राहिले.

उतरावं आणि मीही मास्तरांना निरोप द्यावा, असं मला वाटलं. चार पावलांचं अंतर होतं. रिक्षावाल्याने विचारलं, थांबू का ताई? मी म्हटलं, नको, वाट झाली की चल.

गाडी हलली तेव्हा कोणीतरी ओरडलं, पाण्याची बाटली राहिली. ठोंबऱ्यांनी ती उचलली आणि चप्पल निसटत असताना गाडीमागे धावत सुटले. खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यात बाटली दिली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. ते रस्त्याच्या मधोमध एका पायात चप्पल घालून धापा टाकत उभे होते आणि हसत होते. आमची रिक्षा त्यांच्या अगदी जवळून गेली.